ती विसरली नव्हती

आमच्या सोसायटीत माझ्या बायकोच्या दम्याची एक गोष्ट अजून सांगितली जाते. एमआयडीसीकडून एक दिवस असा वास सुटला की त्या बाईंना श्वासच घेता येईना, थेट आयसीयूत न्यावं लागलं, आणि मग त्यांच्या यजमानांनी आजूबाजूच्या इमारतींतली माणसं गोळा करून कारखान्यांविरुद्ध तक्रार केली. नवीन भाडेकरू आला की त्यालाही ही गोष्ट ऐकवतात, आणि मी जिन्यात दिसलो की "हेच ते काका" म्हणून दाखवतात. मी हात जोडतो आणि पुढे जातो. आता गुडघ्यांमुळे पुढे जायलाही वेळ लागतो, त्यामुळे बरंच ऐकून घ्यावं लागतं.

त्या गोष्टीतला वास खरा आहे. डोंबिवलीत तो अजूनही येतो, विशेषतः हवा पडलेली असली की. तो नाकारणारा मी कोण? मी नोकरीभर त्याच पट्ट्यात एका रंगाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. संध्याकाळी घरी आलो की बायको माझा शर्ट वेगळ्या बादलीत टाकायची. पण त्या दिवशी तिचा श्वास वासाने अडला नाही. तो माझ्यामुळे अडला. हे लिहून ठेवायला मी फार उशीर केला आहे.

तिला दमा चाळिशीनंतर लागला. सुरुवातीला नुसता पहाटेचा खोकला. मग जिना चढताना थांबणं. मग छातीतून बारीक शिट्टीसारखा आवाज. शेवटी आम्ही ठाण्याला, तलावपाळीच्या मागच्या गल्लीत बसणाऱ्या छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन पंप दिले. एक निळा, दम लागला की घ्यायचा. दुसरा सकाळ-संध्याकाळ, रोज घ्यायचा, आणि घेतला की गुळणी करायची. कागदावर एक नळी काढून त्यांनी समजावलं होतं, "निळा नळी उघडतो. हा दुसरा नळीच्या आतली सूज कमी ठेवतो. बरं वाटत असतानाच घ्यायचा असतो हा."

मला निळा आवडायचा. तिने तो घेतला की थोड्या वेळात तिचे खांदे खाली यायचे, चेहरा सैल व्हायचा. औषधाने काम केलं हे डोळ्यांना दिसायचं. दुसऱ्याचं काही दिसायचं नाही. त्यात स्टेरॉइड आहे हे मी खोक्यावर वाचलं होतं आणि त्या शब्दाची मला धास्ती होती. ते थेट छातीत जातं, अगदी थोडं जातं, पोटात घेतलेल्या गोळीसारखं नाही, हे डॉक्टरांनी सांगूनही. मी केमिस्ट होतो ना. मला वाटायचं, रसायनातलं मला जरा जास्त कळतं. "सवय लागेल तुला त्याची," मी म्हणायचो. ती म्हणायची, "तुमची लागली तशी लागेल. काय करणार." आणि घ्यायची.

आमच्याकडे एक पद्धत होती, बऱ्याच घरांत असते. आजारी बाई, पण फाइल नवऱ्याच्या काखेत. डॉक्टरांशी बोलणार नवरा, दुकानातून औषध आणणार नवरा. तिचं बरं चाललं असेल तर तिला प्रवासात कशाला शिणवायचं, आपण एकटेच जाऊन कागद दाखवून यायचं. मला यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट मी बायकोची किती काळजी घेतो असं लोक म्हणायचे.

तर एकदा मी असाच एकटा ठाण्याला गेलो. तिला बरेच महिने छान होतं. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, "पेशंट कुठेत?"

"घरी. फक्त कागद दाखवायचेत."

"मग शेवटी सोडतील हं काका तुम्हाला."

बसलो. पंखा माझ्यापर्यंत येत नव्हता. खाली जाऊन चहा घेतला, वडा खाल्ला, परत वर आलो तर बाकावरची माझी जागा गेलेली आणि माणसं आणखी वाढलेली. थोडा वेळ उभा राहिलो. मग काउंटरवरच्या मुलीला न सांगताच निघालो. स्टेशनजवळ बायकोसाठी सुरळीच्या वड्या घेतल्या. तिला फार आवडायच्या, आणि घरी केल्या की हमखास फाटायच्या.

गाडीत माझ्या मनात काही नव्हतं. "गर्दी होती, भेट झाली नाही," हेच सांगायचं होतं. पण तिने दार उघडलं, हातातला पुडा घेतला आणि विचारलं, "काय म्हणाले?" आणि माझ्या तोंडून निघालं, "छान आहे म्हणाले. रोजचा पंप बंद केला तरी चालेल. निळा तेवढा जवळ ठेव."

"असं म्हणाले?"

"हो. मीच विचारलं."

"बरं झालं बाई. गुळण्या करून करून तोंडाची चव गेली होती." आणि तिने उभ्या उभ्या एक वडी तोंडात टाकली.

इतकी वर्षं मी या प्रसंगाकडे पाहतो आहे. खोटं बोलायची गरज नव्हती. ती रागावली नसती. पण मला अनेक महिने जे ऐकायचं होतं, ते डॉक्टर म्हणत नव्हते, म्हणून त्यांच्या नावावर मीच म्हणून टाकलं. आणि तिने मला उलट विचारलं नाही, कारण फाइल माझ्याकडे होती.

पहिले काही आठवडे काहीच झालं नाही. हीच त्या औषधाची फसवी बाजू. बंद केल्यावर लगेच काही होत नाही, त्यामुळे आपलंच बरोबर होतं असं वाटतं. मग पहाटेचा खोकला परतला. निळा पंप पूर्वी महिनोन्महिने पुरायचा, तो लवकर संपला. मी दुसरा आणला. तोही संपत आला तेव्हा दुकानदाराने विचारलं, "काका, इतक्यात?" मी म्हणालो, "हवा खराब आहे हो." निळा पंप वारंवार लागणं हीच धोक्याची खूण, हे त्या नळीच्या चित्राखाली डॉक्टरांनी लिहूनसुद्धा दिलं होतं.

मे महिना होता. आमचं मूळ कोकणातलं, त्यामुळे वर्षाचा मसाला पावसाआधी कांडून आणायचा हा घरातला नेम. मिरच्या गच्चीवर वाळवायच्या, खडा मसाला भाजायचा, आणि कांडपाच्या दुकानात आपल्या मिरच्यांपाशी स्वतः बसायचं, नाहीतर दुसऱ्याचा मसाला आपल्यात मिसळतो. डॉक्टरांनी तिला ते बंद करायला सांगितलं होतं. आदल्या वर्षी शेजारच्या वहिनी तिच्यासाठी बसल्या होत्या, आणि मसाल्याला रंग नाही म्हणून वर्षभर त्यांना टोमणे खावे लागले होते. या वर्षी ही म्हणाली, "आता सुटले ना मी पंपातून. माझी मी बसते." मी म्हणालो, "तोंडाला रुमाल बांध."

दुपारी ती डबे घेऊन आली तेव्हा डोळे लाल होते आणि बोलताना मध्येच श्वास घेत होती. आंघोळ करून पलंगावर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, पुढे वाकून. निळा पंप घेतला. परत घेतला. डॉक्टरांनी तो प्लॅस्टिकच्या नळकांड्यातून, स्पेसरमधून घ्यायला सांगितला होता, म्हणजे औषध तोंडात न चिकटता छातीत जातं. ते नळकांडं आम्ही माळ्यावर टाकलं होतं. मी तिला म्हणालो, "आडवी हो जरा, बरं वाटेल." ते चूक होतं, दम लागलेल्या माणसाला बसतंच ठेवायचं असतं. तिने नको म्हणून मान हलवली, तरी मी उशी लावून तिला आडवी केली. छातीतून शिट्टीचा आवाज येत होता, मोठा, बाहेरच्या खोलीत ऐकू येईल असा.

मग आवाज थांबला. मला हायसं वाटलं. लागला डोळा, असं समजून मी स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं.

नंतर मला सांगण्यात आलं की आवाज व्हायला आतून हवा जावी लागते. नळ्या इतक्या आवळल्या होत्या की आवाज करण्यापुरतीही हवा जात नव्हती. मी चहा गाळत होतो तेव्हा ती आत सर्वांत वाईट अवस्थेत होती.

दारात शेजारच्या वहिनी मसाल्याची चौकशी करायला आल्या म्हणून मी आत डोकावलो. ती कोपरावर उठायचा प्रयत्न करत होती. ओठांचा रंग गेला होता. गळ्याखालचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. काहीतरी सांगत होती, पण एकेक शब्दच फुटत होता. "नाही... येत..." वहिनींनी मला बाजूला सारलं, तिला पाठीमागून धरून बसवलं आणि नवऱ्याला हाक मारली, "अहो, रिक्षा बघा आधी, चपला नंतर घाला." आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, खिडकी कशाला उघडी ठेवलीत? बघा किती वास सुटलाय आज."

मला फक्त मिरचीचा आणि उतू गेलेल्या चहाचा वास येत होता. शिवाय तो शुक्रवार होता. आमच्या पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना शुक्रवारी सुट्टी असते. आयुष्यभर शुक्रवारी घरी बसलेल्या माणसाला हे कुणी सांगायला नको. पण मी म्हणालो, "हो ना, वासच फार आहे."

जवळच्या नर्सिंग होममध्ये ऑक्सिजन लावला, मास्कमधून वाफेचं औषध दिलं, शिरेतून इंजेक्शनं दिली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाई तिला सारखं एखादं वाक्य बोलायला सांगत होत्या, नाव सांगा, मुलगा काय करतो सांगा, आणि ती एका शब्दावर अडत होती. मग म्हणाल्या, इथे होणार नाही, ठाण्याला न्या. शीळफाट्याला ॲम्ब्युलन्स अडकली. पुढे एक ट्रक होता, त्याच्या मागे काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे, पण इथे लिहीत नाही.

ती वाचली. थोडे दिवस मशीनवर होती, मग मास्क, मग साधा ऑक्सिजन. बोलायला लागल्यावर आमचे तेच छातीचे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी विचारलं, "रोजचा पंप चालू होता ना, काकू?"

मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. तिने माझ्याकडे पाहिलं. एवढ्या एका प्रश्नात तिला सगळं समजलं असणार, कारण ज्याने बंद करायला सांगितलं तो डॉक्टर असं विचारत नाही. तिचा घसा मशीनच्या नळीने सोलला होता. ती म्हणाली, "विसरायचे मी. वय झालं."

"असं विसरून चालतं का? जीव गेला असता."

आणि मी म्हणालो, "मी सांगत असतो हो तिला."

बाकी सगळं एकवेळ सोडून देता येईल. हे एक वाक्य नाही.

घरी आल्यावर बऱ्याच दिवसांनी, लसूण सोलताना, मान वर न करता तिने विचारलं, "तुम्ही त्या दिवशी डॉक्टरांना भेटलाच नव्हतात ना?"

"गर्दी होती."

"मग गर्दी होती म्हणायचं."

एवढंच. तोपर्यंत वहिनींनी वासाची गोष्ट चार इमारतींत नेली होती. लोक घरी येऊ लागले, सगळ्यांचाच त्या वासावर राग होता आणि त्यांना पुढे उभं राहणारा एक माणूस हवा होता. मी उभा राहिलो. सभेत बोललो, टाळ्या मिळाल्या. ती कुणासमोर एक शब्द बोलली नाही. फक्त मी सभेहून येऊन चहा मागितला की म्हणायची, "कंपनीने केलं ना सगळं? मग कंपनीलाच सांगा चहा टाकायला." आणि टाकायची.

त्यानंतर फाइल तिच्याकडे गेली. ठाण्याला ती स्वतः जायची, मी बरोबर असलो तर बाहेर बसायचो. पंप चहाच्या डब्याशेजारी आला, नळकांडं धुऊन ओट्यावर वाळत पडलेलं असायचं. मसाल्याला पुन्हा वहिनी बसू लागल्या आणि पुन्हा टोमणे खाऊ लागल्या. दम्याने तिला नंतर कधी आडवं केलं नाही. ती गेली ती दुसऱ्याच आजाराने. हे मुद्दाम लिहितो, कारण सोसायटीत तेही कंपनीच्याच माथी मारतात.

हे सगळं माझ्याबरोबरच गेलं असतं. पण मुलाने माझी गोष्ट माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतली होती. आईला डोंबिवलीच्या हवेने जवळजवळ मारलंच होतं, म्हणून त्याने आंबिवलीला घर घेतलं. डोंगर दिसतो, झाडं आहेत. ऑफिसला जायला त्याला खूप लवकर निघावं लागतं, तो कुरकुर करत नाही. तरी नातीला दमा निघालाच. आजीकडून आला असेल. तिलाही रोजचा पंप सुरू झाला, स्पेसरमधून. तिने त्या नळकांड्यावर माशाचं चित्र चिकटवलं आहे.

यंदा उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे राहायला गेलो होतो. एका सकाळी नाश्त्याला मुलगा म्हणाला, "बाबा, तिचा रोजचा पंप बंद करतोय आता. इथली हवा मस्त आहे, किती दिवसांत काही झालेलं नाही. शनिवारी ठाण्याला जाऊन डॉक्टरांना सांगून येतो."

सुनेने पोह्यांची कढई ठेवत विचारलं, "सांगून की विचारून?"

"तेच गं."

"मग तिला ने ना बरोबर. तपासतील तरी."

"तिचा चित्रकलेचा क्लास बुडतो. फाइल घेऊन मी जातो ना, काय ते. बाबा, तुम्हीच सांगा हिला. आईचं सगळं तुम्हीच बघितलंत."

सून माझ्याकडे बघत होती. नात पोह्यांतले शेंगदाणे एका कडेला काढत होती. मी सुनेला म्हणालो, "हिला जरा आत ने." ती नेऊन आल्यावर मी सांगितलं. सुरळीच्या वड्यांपासून. चहा गाळण्यापर्यंत आलो तेव्हा मला थांबावं लागलं, सुनेने पाणी दिलं. मग हॉस्पिटलमधलं, डॉक्टरांनी काय विचारलं आणि ती काय म्हणाली. "तुझी आई विसरली नव्हती," मी म्हणालो. "ती कधीच काही विसरायची नाही. तिने मला वाचवलं तेव्हा."

मुलाने चमचा खाली ठेवला. म्हणाला, "मी तिला फोनवर किती बोललेलो, बाबा. औषध कसं विसरतेस म्हणून. ओरडलेलो मी."

"माहीत आहे."

"ती सॉरी म्हणालेली मला."

हे मला माहीत नव्हतं. तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही. सून म्हणाली, "बाबा, पोहे गार झाले," आणि माझी ताटली उचलून गरम करायला घेऊन गेली.

शनिवारी आम्ही सगळे ठाण्याला गेलो, क्लास बुडवून. डॉक्टर दुसरे, तरुण. त्यांनी नातीला फुंकायला लावलं, छाती ऐकली, आणि म्हणाले की ती बरी आहे ती पंप चालू आहे म्हणून. पावसाळा जाऊ दे, मग तिला घेऊन या, कमी करता येतो का मी बघतो, तुम्ही आपलं आपण काही करू नका. कधी दम लागलाच तर काय करायचं, किती वेळ वाट बघायची आणि कधी सरळ हॉस्पिटल गाठायचं, हे त्यांनी सुनेकडून म्हणून घेतलं, मग मुलाकडून. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "आजोबा, तुम्ही?" मीही म्हटलं. बसतं ठेवायचं. निळा, स्पेसरमधून, एका वेळी एकच दाब. आवाज थांबला म्हणजे बरं वाटलं असं समजायचं नाही. हे शेवटचं त्यांनी सांगितलं नव्हतं. त्यांनी मान हलवली. मुलगा खिडकीबाहेर बघत होता.

डोंबिवलीला परतल्यावर सोसायटीतही खरं सांगून टाकावं असं ठरवलं. जिन्यात सेक्रेटरी एका नव्या कुटुंबाला माझी ओळख करून देत होते. मी म्हणालो, "ते वासाने झालं नव्हतं हो. तिचं औषध मी बंद केलं होतं." सेक्रेटरींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या लोकांना हळू आवाजात म्हणाले, "काकू गेल्यापासून यांना जरा आठवत नाही नीट." म्हणून हे लिहायला बसलो.

मुलगा पूर्वीसारखा बोलत नाही. पण संध्याकाळी जेवणाआधी त्याचा फोन येतो, न चुकता. "घेतला तिने," एवढंच म्हणतो. मी "बरं" म्हणतो. मग दोघेही क्षणभर फोन धरून राहतो. नातीने गुळणी केली का, हे मला रोज विचारायचं असतं. अजून विचारलेलं नाही.